तुमच्याकडे हजार लिटर पाणी कितीला पडतं?

नळराजा (पुणे)

विजेचं बिल प्रत्येकाला तोंडपाठ असतं, सिलिंडरचा भाव तर शेंबडं पोरही सांगेल. पाण्याला महिन्याला किती जातात असं विचारलं की मात्र लोक एकमेकांची तोंडं बघतात. म्हणून हा धागा.

नुसते बिलाचे आकडे टाकून काही कळणार नाही. कुणाकडे दर महिन्याला बिल येतं, कुणाकडे तीन महिन्यांनी, कुणाची वर्षाची पाणीपट्टी घरपट्टीतच मिसळलेली असते. तेव्हा सगळ्यांनी एकाच मापात सांगा: हजार लिटरला, म्हणजे मीटरच्या एका युनिटला, किती रुपये पडले. टँकर, जार, बोअरचा पंप असं जे काही पाण्यापायी खिशातून गेलं ते वेगळं लिहा. माणशी रोज १३५ लिटर हा शहरी निकष धरला तर चौघांच्या घराला महिन्याला १६ हजार लिटर लागतात. त्या हिशेबानं बोलू.

सुरुवात माझ्यापासून. पुण्यात घरगुती पाणीपट्टी मिळकत करातून जाते आणि ती घराच्या वार्षिक करपात्र रकमेवर, म्हणजे घर भाड्यानं दिलं तर वर्षाला किती मिळेल या अंदाजावर, ठरते. मी बादली वापरली की टब भरला, तिला काही फरक पडत नाही. आमच्या भागात समान पाणीपुरवठा योजनेत मीटर बसले, बिल मात्र जुन्याच चालीनं. त्यामुळे नळाचं पाणी हजार लिटरला कितीला पडतं हे मला सांगताच येत नाही. सांगता येतं ते टँकरचं. मार्च ते जून १० हजार लिटरचा टँकर आम्हाला १२०० ते १५०० रुपयांना पडतो, म्हणजे हजाराला १२० ते १५०. टँकरमध्ये खरंच दहा हजार लिटर असतात का, यावर वेगळा धागा निघेल.

सेक्रेटरी_बिनपगारी (मुंबई)

घ्या मुंबईचा आकडा आणि जळा.

निवासी इमारतींना हजार लिटरला साडेसहा रुपयांच्या आसपास दर आहे. त्यावर ७० टक्के मलनिस्सारण आकार. म्हणजे झाले अकरा रुपये. तुमच्या चौघांच्या १६ हजार लिटरचे महिन्याला १७५-१८० रुपये. दोघं जण उडप्याकडे बसले तरी याहून जास्त होतात.

मात्र हा दर माणशी दिवसाला १५० लिटरपर्यंतच. १५० ते २०० ला दुप्पट, २०० ते २५० ला तिप्पट आणि त्याच्या वर चौपट. कागदावर धोरण उत्तम आहे. पण बिल येतं सोसायटीच्या नावानं, एका मीटरवर. कुठल्या घरानं १५० ओलांडले हे कुणालाच कळत नाही, दंड सगळ्यांनी वाटून भरायचा.

आणि वाटायचा कसा? आदर्श उपविधींप्रमाणे (सोसायट्यांची नमुना नियमावली), घरातल्या नळांच्या संख्येवर आणि आकारावर. माणसांवर नाही! आमच्या चौथ्या मजल्यावर तीन बाथरूमच्या घरात आजी-आजोबा दोघंच राहतात. खाली एक बीएचकेत सात माणसं. पाण्याचे पैसे कुणाला जास्त? आजी-आजोबांना. दर वार्षिक सभेत आजोबा उपविधींची प्रत हातात धरून उभे राहतात आणि मी चहा सांगायला बाहेर जातो.

वाफाळता_चहा

सेक्रेटरी, 😂. पण अकरा रुपये खरंच? आमच्या डोंबिवलीत वीस लिटरचा जार ४० ला घेतो पिण्यासाठी. त्याचा हजार लिटरचा भाव काढला तर २००० होतो. आणि बाहेर लिटरची बाटली २० रुपयाला घेतली तर हजार लिटरला वीस हजार!! हा हिशेब मी आधी कधीच केला नव्हता आणि केला नसता तर बरं झालं असतं.

संत्रानगरी (नागपूर)

आमच्याकडे मीटर घरोघरी. पहिल्या २० युनिटपर्यंत सर्वात कमी दर, पुढे टप्प्याटप्प्यानं वाढत जातो, आणि दरवर्षी १ एप्रिलला ५ टक्के वाढ ठरलेली. आमचं चौघांचं बिल २० युनिटच्या आतच राहते. उन्हाळ्यात कूलर लागले की मग पहा गंमत. विदर्भातल्या कूलरचं पाणी पुणेकरांना कळणार नाही बाप्पा. मोठा डेझर्ट कूलर कोरड्या हवेत दिवसाला शंभर लिटर सहज पितो, दोन कूलर असले की महिन्याला सहा युनिट नुसतं हवेत. दुसऱ्या टप्प्यात गेलो की सासूबाई मीटरला दोष देतात.

मीटरगेज

संत्रानगरी, सासूबाईंचं अगदीच चूक नाही. जिथे पाणी थोडाच वेळ येतं तिथे नळ सुटल्याबरोबर पाइपातली हवा आधी बाहेर पडते आणि मीटर त्या हवेवरही फिरतं. चोवीस तास दाब असलेल्या लायनीवर हा प्रश्न जवळपास नसतो. दिवसाआड पाणी येणाऱ्या गावांत मीटर लावा म्हटलं की लोक भांडतात ते उगाच नाही.

मीटर वाचता येत नसेल तर एकदा झाकण उघडून बघा. काळे आकडे हजार लिटरचे, लाल आकडे त्याखालचे लिटर. बऱ्याच मीटरांवर एक छोटी चांदणीसारखी चक्री असते. घरातले सगळे नळ बंद करा आणि तिच्याकडे बघत बसा. ती हळूहळू फिरत असली तर कुठेतरी गळतंय. दहापैकी आठ वेळा फ्लशची टाकी असते. टाकीत चमचाभर हळद टाका, अर्धा तास फ्लश करू नका. कमोडात पिवळं उतरलं की आतला वॉशर गेला. अशी टाकी दिवसाला शे-दोनशे लिटर सहज घालवते आणि आवाजही येत नाही.

गोदातीर (छत्रपती संभाजीनगर)

सगळे बिलावर बोलताय, पाणी किती वेळा येतं हे कुणीच लिहीत नाही. त्याशिवाय तुलना कशी होणार?

आमच्या शहरात अर्धा इंची नळाला वर्षाची पाणीपट्टी ४०५० रुपये होती. २०२२ मध्ये पाण्यावरून मोठी ओरड झाली, त्याच सुमारास ती निम्मी, २०२५ रुपये झाली. कागदावर स्वस्त. आता हा हिशेब बघा. आठवड्याला एक पाळी, म्हणजे एकदाच नळाला पाणी, धरली तर वर्षाला पन्नासेक. आठव्या-नवव्या दिवशी आलं तर चाळीस-पंचेचाळीस. एका पाळीत दीड हजार लिटरची टाकी भरली असं समजू. जुन्या दरानं एका पाळीचे ९० रुपये, हजार लिटरला ६०. निम्मे केल्यावर ३०. म्हणजे निम्मा दर होऊनही मुंबईच्या जवळपास तिप्पट. बाकीचे दिवस टँकर आणि जार, ते वेगळेच.

जायकवाडीसारखं धरण उशाला आणि ही तऱ्हा. २५०० मिलिमीटरच्या नव्या जलवाहिनीकडे सगळं शहर डोळे लावून बसलंय. आमच्याकडे लग्न ठरवताना पाहुणे विचारतात, पाण्याचा वार कुठला. गंमत नाही, खरं सांगतोय. वधूपक्षानं हळदीची तारीख पाण्याच्या वाराला धरलेली मी पाहिली आहे.

नळराजा (पुणे)

गोदातीर, हा मुद्दा धाग्यातच लिहायला हवा होता. "बिल भागिले प्रत्यक्ष मिळालेलं पाणी" असंच धरू या.

टेम्सकाठी (इंग्लंड)

इकडचं सांगते, बसून वाचा. २०२५-२६ साठी इंग्लंड आणि वेल्समध्ये पाणी व सांडपाणी मिळून सरासरी घरगुती बिल वर्षाला ६०३ पौंड. आदल्या वर्षापेक्षा १२३ पौंडांनी जास्त. रुपयांत सत्तर हजाराच्या आसपास, म्हणजे महिन्याला पावणेसहा हजार. १९८९ ला इथल्या पाणी कंपन्या खाजगी झाल्या, त्यावरून अजून रोज वाद चालतात. चॅनलवाल्यांना दुसरा विषय नसला की हा असतोच.

पण नळराजा, तुमची पुण्याची पद्धत वाचून मला हसू आलं. इथे ज्या घरांना मीटर नाही त्यांचं बिल अजूनही घराच्या जुन्या करपात्र भाड्यावर निघतं. ते मूल्यांकन १९७३ चं, आणि १९९० नंतर बदललेलंच नाही! शेजारच्या एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या बाई मोठ्या घराचं मोठं बिल भरत होत्या, मीटर लावल्यावर बिल निम्म्याच्या खाली आलं. आम्ही पाच जण, दोन मुलं शॉवरखाली अर्धा अर्धा तास. मीटर लागल्यापासून आमच्याकडे बाथरूमचं दार वाजवायचं काम सासऱ्यांकडे आहे.

एक गोष्ट चांगली. बिल थकलं म्हणून घराचं पाणी तोडता येत नाही, १९९९ च्या कायद्यानं तशी बंदी आहे. वसुलीला कोर्टात जा, पण नळ बंद नाही.

सेक्रेटरी_बिनपगारी (मुंबई)

म्हणजे करपात्र भाडं हे साहेबाचं देणं आहे तर. साहेब गेला, भाडं राहिलं, आणि साहेबाच्या घरीही राहिलं.

वाळवंटी_मोगरा (दुबई)

आमच्याकडे पाणी समुद्राचं, खारं काढून गोडं केलेलं. बिल इंपिरिअल गॅलनमध्ये येतं, त्यामुळे आधी डोकं दुखतं मग खिसा. पहिल्या ६००० गॅलनला गॅलनमागे साडेतीन फिल्स (शंभर फिल्सचा एक दिरहम), पुढच्या ६००० ला चार, त्याहून जास्त वापराला ४.६. हजार लिटर म्हणजे २२० गॅलन. म्हणजे पहिल्या टप्प्यातच हजार लिटरला ७.७ दिरहम, १८० रुपयांच्या आसपास. वर इंधन अधिभार आणि सांडपाण्याचा आकार.

आणि खरी मेख पुढे आहे. त्याच बिलात वार्षिक घरभाड्याच्या ५ टक्के रक्कम बारा भागांत विभागून लावतात. वर्षाला ६० हजार दिरहम भाडं असेल तर महिन्याला २५० दिरहम. नवीन आलेला माणूस पहिलं बिल बघून बायकोला म्हणतो, "अगं इतकं पाणी?" पाणी नसतंच ते. करपात्र भाड्यानं इथेही पाठ सोडलेली नाही बघा, टेम्सकाठी.

नळ उघडला की पाणी येतं, वर्षाचे ३६५ दिवस, चोवीस तास, हेही कबूल करते. पण जुलैमध्ये गार पाण्याच्या नळातून कढत येतं. गच्चीवरच्या टाक्या.

मांडवीतीर (गोवा)

गोव्यात २०२१ मध्ये घरगुती जोडणीला महिन्याला १६ हजार लिटरपर्यंत बिल शून्य केलं होतं. नळराजांनी जो चौघांचा हिशेब मांडलाय नेमका तेवढाच आकडा. तेव्हा आमच्या वाड्यावर लोक मीटरवाला यायच्या आधी एकमेकांना आकडे विचारायचे. घरात पाहुणे आले की मात्र पंचाईत व्हायची, गणपतीत आमच्याकडे वीस-बावीस माणसं असतात. विहीर अजून वापरात आहे म्हणून निभावतं. कपडे, अंगण, गुरं सगळं विहिरीवर, नळाचं पाणी फक्त स्वयंपाकघरात.

दिल्लीकर_मराठे

दिल्लीत २०१५ पासून २० हजार लिटर मोफत. पण वीस हजार एक झाला की सवलत सगळीच जाते, अख्ख्या वापराचं बिल येतं. कडेलोटच. महिनाअखेरीला आमच्या गल्लीत गाड्या धुतल्या जात नाहीत, त्या पुढच्या महिन्याच्या एक तारखेला धुतल्या जातात. पाणी तेवढंच जातं, तारीख बदलते.

मीटरगेज

फुकट आणि स्वस्त यांबद्दल थोडं आकडेमोडीचं. ज्यांना नको ते पुढे जा.

हजार लिटर म्हणजे एक टन. एक टन ३० मीटर, म्हणजे दहा मजले, वर चढवायला निव्वळ ऊर्जा लागते ०.०८ युनिट (विजेचं, पाण्याचं नव्हे). सोसायटीच्या पंप-मोटरची मिळून कार्यक्षमता ४० टक्के धरा, ०.२ युनिट झाली. दहा रुपये युनिटनं दोन रुपये. हे झालं टाकीपर्यंत. बोअरचं पाणी शंभर मीटरवरून आणलं तर ०.७ युनिट, सात रुपये. "आमच्याकडे बोअर आहे, पाणी फुकट" म्हणणाऱ्यांनी कॉमन मीटरचं विजेचं बिल काढून बघावं. त्यात पंप जळण्याचा आणि दर काही वर्षांनी पाइप आणखी खाली सोडण्याचा खर्च धरलेला नाही.

आता शहराच्या पातळीवर. मुंबईच्या तलावांचं बरंचसं पाणी उतारानं येतं, म्हणून मुंबई स्वस्त. बंगळूरला कावेरीचं पाणी शंभरेक किलोमीटरवरून ५०० मीटर उंच चढवून आणतात. त्याला निव्वळ १.३६ युनिट, मोठे पंप चांगले असतात म्हणून ७० टक्के धरले तरी हजार लिटरमागे दोन युनिट नुसती वीज. त्याच्यावर शुद्धीकरण, पाइप, गळती, पगार.

बंगळूरकर

बरोबर, मीटरगेज. २०१४ पासून इथे घरगुती दर होते: पहिल्या ८ हजार लिटरला ७ रुपये, पुढे २५ हजारापर्यंत ११, मग २६, मग ४५. म्हणजे पहिल्या टप्प्यातल्या पाण्याची वीजही त्या सात रुपयांत निघत नव्हती. एप्रिल २०२५ ला अकरा वर्षांनी दर वाढवले तेव्हा केवढी बोंब झाली!

आणि हीच बोंब मारणारी मंडळी (त्यात मीही) २०२४ च्या मार्चमध्ये टँकरवाल्याच्या दारात उभी होती. टँकरचे भाव इतके भडकले की प्रशासनाला दर बांधून द्यावे लागले: ५ किलोमीटरच्या आत १२ हजार लिटरला १००० रुपये. हजाराला ८३ रुपये. नळाच्या बारा पट, आणि तोही कागदावरचा दर. आमच्या अपार्टमेंटमध्ये तेव्हा रात्री दोनला टँकर आला की वॉचमन शिट्टी वाजवायचा आणि तीन मजल्यांचे लाइट लागायचे. भाव विचारायची कुणाची हिंमत नव्हती.

लातुरी_चष्मा (लातूर)

टँकरचं काय घेऊन बसलात. आमच्याकडे पाणी रेल्वेनं आलं होतं.

एप्रिल २०१६. मांजरा धरण कोरडं. मिरजेहून कृष्णेचं पाणी घेऊन पहिली गाडी आली तेव्हा दहा वाघिणी होत्या, प्रत्येकीत पन्नास हजार लिटर. पुढे पन्नास वाघिणींची, २५ लाख लिटरची गाडी यायला लागली. मे महिन्यात रेल्वेकडून जिल्हाधिकारी कार्यालयात बिल आलं ते ४ कोटींचं, सुमारे ६ कोटी २० लाख लिटरचं. आता करा भागाकार: लिटरला पासष्ट पैसे, हजार लिटरला ६४५ रुपये. स्टेशनपासून विहिरीपर्यंत, तिथून शुद्धीकरणाला, मग टँकरनं गल्लीत, हे सगळं त्याच्या वर.

आम्हाला ते बिल भरावं लागलं नाही, पण पाण्याची किंमत म्हणून माझ्या डोक्यात तो आकडा पक्का बसलाय. त्या उन्हाळ्यात आमच्या आईनं तांदूळ धुतलेलं पाणी भांड्यांना, भांड्यांचं मोरीला आणि मोरीचं तुळशीला असं फिरवलं. आज पाऊस बरा आहे, धरणात पाणी आहे, तरी ती भाजी धुतलेलं पाणी ओतत नाही.

भातसाकाठ

बराच वेळ वाचतेय, आता लिहिते.

माझं माहेर शहापूर तालुक्यातलं. तानसा आमच्या तालुक्यात, भातसा आमच्या तालुक्यात. तानसा १८९२ चं धरण, मुंबईला तेव्हापासून पाणी पाजतंय. सेक्रेटरींचे अकरा रुपये उतारानं येतात असं मीटरगेज म्हणाले, तो उतार आमच्या दारातून जातो. आणि त्याच तालुक्यात दर उन्हाळ्यात वाड्या-पाड्यांवर टँकर लागतात, हे पेपरात दरवर्षी येतं.

आमच्या वाडीत बिल नाही, त्यामुळे तुमच्या तक्त्यात वाडी बसणार नाही. म्हणून मीच बसवून दिली. हजार लिटर म्हणजे पंधरा लिटरचे सदुसष्ट हंडे. एक डोक्यावर, एक काखेत, एका खेपेला दोन. मे महिन्यात खालच्या विहिरीवर जाऊन यायला, झऱ्याचं पाणी वाटीनं भरेपर्यंत थांबणं धरून, अर्ध्या तासाच्या आत काम होत नाही. तेहेतीस-चौतीस खेपा, म्हणजे साडेसोळा-सतरा तास. आठ तासांचे दोन दिवस. रोजगार हमीचा २०२५-२६ चा दर ३१२ रुपये होता. दोन दिवसांचे ६२४.

लातूरच्या रेल्वेच्या पाण्याएवढं महाग पडतं आमच्या वहिनीला. रोज.

वाफाळता_चहा

🙏

गोदातीर (छत्रपती संभाजीनगर)

भातसाकाठ, हा हिशेब कुठल्याच अहवालात असा मांडलेला पाहिला नाही. वेळेची किंमत धरायची म्हटलं तर आमच्या शहरातही पाण्याच्या दिवशी घरातलं एक माणूस रजा काढतं. नळ पहाटे चारला येतो की दुपारी, ठरलेलं नसतं. बायकोनं दोन वर्षं सगळ्या किरकोळ रजा पाण्याला घातल्या.

सेक्रेटरी_बिनपगारी (मुंबई)

भातसाकाठ, उत्तर नाही माझ्याकडे. आमच्या इमारतीत टाकी भरून वाहते तेव्हा वॉचमनला फोन करून करून दमतो मी. रोजचं दोन-अडीचशे लिटर गच्चीवरून खाली जातं. बॉलकॉक (टाकी भरली की पाणी बंद करणारी तोटी) बदलायचा ठराव गेल्या सभेत नामंजूर झाला, कारण काय, तर "पाण्याचं बिल असं कितीसं येतं!"

कृष्णाकाठ (कराड)

थोडं वेगळं. आमच्या कराडला लागून मलकापूर आहे. तिथे पंधरा वर्षांहून जास्त काळ चोवीस तास पाणी, घरोघरी मीटर, आणि वापर वाढला तसा दर चढता. आमच्या आत्याचं घर तिथे. योजना आली तेव्हा आत्या म्हणायची, मीटरनं आम्हाला लुबाडणार. झालं उलटं. आधी पाणी ठरावीक वेळेला यायचं म्हणून पिंप, हंडे, टाकी, मिळेल ते भरून ठेवायचं आणि दुसऱ्या दिवशी ताजं आलं की "शिळं" म्हणून गटारात ओतायचं. नळाला तोटीसुद्धा नसायची अर्ध्या घरांत. चोवीस तास आलं म्हटल्यावर साठवणंच बंद झालं, ओतणंही बंद, आणि तोट्या बसल्या कारण मीटर फिरायला लागलं.

तेव्हा नुसता मीटर बसवून किंवा नुसता दर वाढवून होत नाही, असं आपलं माझं मत. आधी नळाला पाणी, मग मीटर, मग दर. आपल्याकडे बऱ्याच गावांत उलट्या क्रमानं चालतं.

पिंपळपार

कृष्णाकाठ +१. आमच्या गावाचं (नाव लिहीत नाही) उदाहरण. मीटर बसले, वर्षभरात निम्मे बंद पडले, मग "सरासरी बिल" सुरू झालं. सरासरी कसली, तर मीटर चालू असतानाच्या तीन महिन्यांची, आणि ते तीन महिने एप्रिल, मे, जून. अर्ज केला तर म्हणाले नवीन मीटर तुम्ही बसवा. बसवला. तरी दोन बिलं सरासरीचीच आली, कारण वाचन घेणारा माणूस नव्हता.

त्यामानानं ग्रामपंचायतीचा आरओ, म्हणजे शुद्ध पाण्याचं यंत्र, बरा. पाच रुपयाचं नाणं टाकलं की वीस लिटर. हजाराला २५० पडतात, पण जेवढ्यास तेवढं, वाद नाही.

नळराजा (पुणे)

सगळ्यांचे आभार, इतकं येईल असं वाटलं नव्हतं. आतापर्यंतचं एका नजरेत: मुंबई ११, संभाजीनगर ३० (पाळी धरून), बंगळूरचा टँकर ८३, माझा टँकर १२० च्या वर, दुबई १८०, आरओ २५०, शहापूरची वाडी ६२४, लातूरची गाडी ६४५, जार २०००. नागपूरचा नेमका आकडा कुणी ताज्या बिलावरून द्या. इंग्लंडचं युनिटमागे काढायचं तर टेम्सकाठी, तुमचा वापर लागेल.

सेक्रेटरी, माझ्या सोसायटीत घरनिहाय मीटरचा विषय निघालाय. मुंबईत कुणी केलंय का? खर्च किती?

टेम्सकाठी (इंग्लंड)

आमच्या पाच जणांचा वर्षाचा वापर १८० युनिट, बिल साधारण सरासरीहून जास्त, ७२० पौंड. म्हणजे युनिटला चार पौंड, साडेचारशे रुपयांच्या पुढे. सांडपाणी धरून.

मीटरगेज

नळराजा, आधी इमारतीचं प्लंबिंग बघा. नव्या इमारतींत घरात एकाच ठिकाणाहून पाणी शिरत असेल तर एक मीटर, काम सोपं. जुन्या इमारतींत गच्चीवरून स्वयंपाकघराचा पाइप वेगळा, न्हाणीघराचा वेगळा, संडासाचा वेगळा, डक्टमधून उभे खाली येतात आणि प्रत्येक मजल्याला फाटे देत जातात. तिथे एका घराला तीन ते पाच मीटर लागतात. शिवाय वरच्या मजल्यांवर दाब इतका कमी असतो की साधं मीटर थेंब-थेंब गळती मोजतच नाही. खर्चापेक्षा मोठा प्रश्न म्हणजे दर महिन्याला डक्टमध्ये शिरून वाचन कोण घेणार.

मधला मार्ग: प्रत्येक विंगच्या टाकीला एक मीटर. घरांचं भांडण विंगवर येतं, पण गळती कुठल्या विंगमध्ये आहे ते तरी कळतं. मध्यरात्री ते पहाटे पाचचं वाचन घ्या. त्या वेळात जे फिरतं ते बहुतेक गळतंच असतं.

सेक्रेटरी_बिनपगारी (मुंबई)

विंगनिहाय मीटर पटलं. काल रात्री माझ्याच घरात हळद टाकली होती, दोन्ही टाक्यांत. मास्टर बेडरूमचं कमोड पिवळंजर्द. प्लंबर शनिवारी येतोय, चारशे मागतोय.

येत्या सभेच्या विषयपत्रिकेत घातलंय: बॉलकॉक, विंगला मीटर, आणि पाणी आकार नळांऐवजी माणशी करता येईल का याची कायदेशीर विचारणा. शेवटचा मुद्दा आजोबांच्या आग्रहावरून. खालच्या सात जणांच्या घरातून आत्ताच निरोप आलाय की त्यांच्यातले तिघं "पाहुणे" आहेत.